मुदत उलटलेले निरोप

शटर अजून कमरेएवढंच वर गेलं होतं आणि खिशातला फोन थरथरला. एका हाताने शटर तोलत दुसऱ्या हाताने मी फोन काढला, तर पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘शाब्बास, आजची सर्व कार्ये पूर्ण झाली.’ खापरचा आठवडी बाजार अजून भरायचा होता. समोर भाजीवाल्या पोती पसरत होत्या, होळीचे साखरेचे हार-कडे विकणाऱ्याने बांबू रोवायला नुकती सुरुवात केली होती, माझी नवकारशी व्हायची होती म्हणजे तोंडात पाण्याचा थेंबही गेला नव्हता, आणि माझी सर्व कार्ये पूर्ण झाली होती. ज्याने कुणी हे वाक्य लिहिलं त्याने आयुष्यात कधी दुकान उघडलेलं नसणार. मी शटर सोडून दिलं, ते धाडकन खाली आलं, शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. त्याच्याकडे न बघता मी तिथेच पायरीवर बसलो आणि फोनमध्ये फुलीबाईचा निरोप शोधायला लागलो. काल संध्याकाळी तो होता. होता म्हणजे असायलाच हवा होता. उदेसिंगच्या नावाखाली मी स्वतः लिहिला होता. आता उदेसिंगच्या नावाखाली पांढरा पडदा होता आणि मधोमध एका हसऱ्या ढगाचं चित्र.

ढगाचं चित्र कशाला? मला निरोप पाहिजे. होळीआधीचा हा शेवटचा बाजार. उदेसिंग आज वर डोंगरातून उतरणार, दुपारच्या जीपने परत चढणार, आणि मग होळी होऊन जाईपर्यंत खाली येणार नाही. फुलीबाई त्याची बहीण. नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला असते. आई गेली तेव्हा ती तिकडेच होती, मातीला पोचली नाही, मागून आली तेव्हा उदेसिंगने दार उघडलं नाही. कितीतरी होळ्या झाल्या, ती जीपने भावाच्या फाट्यावरून पुढे सासरी जाते आणि फाटा आला की डोक्यावरून पदर ओढून घेते, हे तिनेच मला सांगितलं. संक्रांतीनंतर कुणाच्या तरी लग्नाला आली होती. परतीच्या बसला वेळ होता म्हणून दुकानात आली, ताडपत्र्यांच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ ताडपत्रीचं कापड बोटांनी चाचपत राहिली. घ्यायची नव्हती, हे मला कळत होतं. मग म्हणाली, “सेठ, भाऊले सांगजो. होयीले मी येसू. फाट्यावर तो उभा ऱ्हायना तं मी उतरसू. नही तं जीपमां बठीच ऱ्हासू, जीप फुडे जाई तिकडे सासरले.” एवढंच. मी विचारलं, आणखी काही? तर ती मान हलवून निघून गेली. आता तो फाट्यावर उभा राहणार की नाही हे माझ्या तोंडावर अवलंबून, आणि माझं तोंड त्या ढगावर.

लोक म्हणतात, मोबाइल आले, आता कसले निरोप. म्हणोत. वरच्या गावांत अजून रेंज नाही, तोडीला गेलेल्यांचे नंबर दर हंगामाला बदलतात, ते एक. आणि दुसरं म्हणजे भांडलेल्या माणसांना फोन उपयोगाचा नसतो, त्यांना मधला माणूस लागतो. आमच्या दुकानाची पाटी भांडी, दोरखंड, ताडपत्री, घमेली अशी असली तरी आजोबांच्या काळापासून डोंगरातल्या लोकांनी त्याचा खरा उपयोग निरोप ठेवायला केलेला आहे. ज्याला त्याला खरेदी झाली की पायरी उतरताना विचारायची सवय, “काही निरोप शे का?” आणि असला की आम्ही सांगायचा. त्यालाही रीत आहे. बाउजी, म्हणजे माझे वडील इंदरमलजी, ती फार कडक पाळायचे. कुणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं, काय सांगितलं, त्याच शब्दांत, त्यात आपलं मीठमसाला नाही. आणि निरोप एकदाच सांगायचा. दुसऱ्यांदा सांगितला की ऐकणाऱ्याला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही, किंवा वाटतं, त्यात आपण न ऐकलेलं काहीतरी आहे. तसंच, ‘तुला सांगितलं होतं का रे’ असं कधीही विचारायचं नाही. निरोप्याने असं विचारलं की त्याच्याकडे पुन्हा कोण कशाला काही ठेवील?

आणि एवढं सगळं ध्यानात राहायचं कसं, तर दुकानात एक लांब सागाची तुळई होती, तिला लोखंडी आकडे ठोकलेले होते, आणि आकड्यांना माल टांगलेला असायचा. दाराकडून आत, जसा रस्ता डोंगरात चढतो तशी गावं. पहिला आकडा पहिल्या गावाचा, त्यावर कंदील. मग चाळणी, मग बादली, मग छत्री, मग दोराचं वेटोळं. उदेसिंगच्या गावाची बादली. निरोप आला की त्या गावची वस्तू उलटी टांगायची. माणूस पायरी चढला की नजर वर जायची, वस्तू उलटी दिसली की निरोप आपोआप तोंडात यायचा. सांगून झाला की सुलटी करायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठ माल दाखवतो आहे. कुठे तारीख नाही, वार नाही. माणूस आला की काम, नाही आला तर काम नाही. आज नाही आला म्हणून निरोप शिळा होत नाही, काही निरोप तर पाऊसभर उलटे टांगलेले असायचे आणि दिवाळीला सुलटे व्हायचे. मी लहानपणापासून वर बघत मोठा झालो. माझ्या डोक्याची रचनाच ती. कुणी मला पत्ता विचारला तरी माझे डोळे वर जातात.

मागच्या दिवाळीत दुकानाचं काम काढलं. माझी मुलगी जिनल पुण्यात नोकरी करते, तिने आणि ममताने, म्हणजे माझ्या बायकोने, फोनवरच्या फोनवर सगळं ठरवलं. तुळईला वाळवी लागली होती, हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून खाली पांढऱ्या पट्ट्यांचं छत ठोकायचं? आता वर बघितलं तर चार दिवे दिसतात आणि त्यात मेलेले किडे. माल स्टीलच्या घोड्यांवर, म्हणजे मांडण्यांवर गेला, जिथे बादली उलटी ठेवली तर ती रचलेली दिसते, सगळ्याच बादल्या उलट्या असतात. मी कुरकुर केली तेव्हा जिनल सुटीत आली होती, तिने माझा फोन घेतला आणि त्यात हे ॲप टाकलं. “पप्पा, यात सगळं राहील. तुम्हाला मदत होईल. तुम्ही हल्ली परत परत...” एवढं बोलून ती थांबली आणि ममताकडे बघायला लागली. “परत परत काय?” मी विचारलं. “परत परत त्या तुळईची आठवण काढता,” ती म्हणाली. वाक्य जोडलेलं होतं, मला कळलं. धंदा करणाऱ्या माणसाला जोडलेली वस्तू हातात घेतल्याबरोबर कळते. पण मी सोडून दिलं.

तेव्हापासून हा संसार. घरात आम्ही मारवाडी बोलतो, बाजारात अहिराणी, शाळेतली मराठी लिहिण्यापुरती, आणि हे ॲप चौथीच कुठली तरी भाषा बोलतं. ‘नवीन कार्य जोडा.’ ‘देय दिनांक निवडा.’ मी उदेसिंगचा निरोप लिहिला की ते विचारणार, कधी? अरे, तो येईल तेव्हा. ‘कधी’ रिकामं ठेवलं तर ते आपल्या मनाने ‘आज’ टाकणार. आज तो आला नाही की उद्या सकाळी लाल अक्षरात ‘मुदत उलटली’. एका आठवड्यात माझ्या फोनमध्ये अख्खा सातपुडा लाल झाला. मी जिनलला फोन केला, ती म्हणाली, “पप्पा, प्रत्येक गावाची वेगळी यादी करा ना.” केली. तर ॲपने गावं अक्षरांच्या क्रमाने लावली. रस्त्याचा क्रम गेला, वरचं गाव खाली, खालचं वर, जीप कशी जाणार? मग जिनलनेच युक्ती काढली, गावाच्या नावाआधी आकडा घालायचा. घातला. मग गावात माणसं, माणसांत निरोप. तारखेच्या जागी मी सगळ्यांना फार पुढची, माझ्या हयातीत न येणारी तारीख दिली, म्हणजे लाल व्हायचं नाव नको. तर ते दर सकाळी सांगायला लागलं, ‘आज कोणतेही कार्य नाही, विश्रांती घ्या.’ बाजाराच्या दिवशी विश्रांती. तो आवाज बंद केला तर बाकीचे सगळे आवाज बंद झाले, बँकेचेसुद्धा. ममता म्हणाली, एवढ्या वेळात तुम्ही दुसरी तुळई तासून घेतली असती. मग मी चिडून एक संबंध दुपार बसलो आणि वस्तूंची चित्रं शोधली. ॲपमध्ये छोटी चित्रं चिकटवता येतात. कंदील मिळाला, छत्री मिळाली, दोर मिळाला, बादलीही मिळाली. चाळणी मिळाली नाही, तिथे मी चंद्र लावला. गाव, आकडा, चित्र. थोडंफार माझ्या डोक्यासारखं दिसायला लागलं होतं. उदेसिंगची बादली मी बोटाने उलटी करून बघितली, ती उलटी होत नव्हती. होतं ते एवढंच की बोट डावीकडून उजवीकडे सरकलं की काम पूर्ण, आणि पूर्ण झालं की नाहीसं.

हे नाहीसं होणं मला पटत नाही. सुलटी केलेली बादली नाहीशी होत नाही, ती तिथेच सुलटी दिसत राहते आणि सांगते, झालं. इथे झालेलं आणि कधी नव्हतंच ते, दोन्ही सारखं पांढरं. पायरीवर बसल्या बसल्या मी तीन रेघा दाबल्या, मग बाण, मग ‘पूर्ण झालेली कार्ये’ असा एक कोनाडा असतो तो उघडला, जिनलने मागे दाखवला होता. तिथे होता. बादली, उदेसिंग, ‘फुलीबाई होळीला येणार, फाट्यावर उभा राहा’, आणि त्यावर रेघ. म्हणजे मी सांगितला? की खिशातून फोन काढताना अंगठा सरकला? हा अंगठा माझाच, पण त्याने काय केलं ते त्याला माहीत. मी डोळे मिटून आठवायला लागलो. उदेसिंग पायरी चढतो आहे, गुडघ्यावर हात टेकून, हे दिसलं. पण ते कुठल्याही बाजाराचं असू शकेल, तो गेली कित्येक वर्षं तशीच पायरी चढतो. मी बोलतो आहे, त्याचा चेहरा बदलतो आहे, असं काहीच दिसेना. फुलीबाईचं नाव ऐकून त्याचा चेहरा बदलल्याशिवाय कसा राहील? ते आठवायलाच हवं. ते आठवत नाही म्हणजे झालं नाही. म्हणजे मशीनने खोटी रेघ मारली. एवढा साधा हिशेब आहे, आणि तरी तो मी पुन्हा पुन्हा मांडत राहिलो.

ममता डबा घेऊन आली तेव्हा मी अजून पायरीवरच होतो. “शटर?” ती म्हणाली. मी तिला फोन दाखवला. “हे बघ तुझ्या लेकीचं ॲप. निरोप गिळला त्याने. उदेसिंग आज येणार आणि मी त्याला...” ममताने फोनकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. “तो निरोप गेला, अहो. सोडा ना आता,” ती म्हणाली. “गेला म्हणजे? तू पण त्या मशीनची बाजू घे,” मी म्हणालो. ती काहीतरी बोलायला गेली, मग तिने पदराने चेहरा पुसला, शटर स्वतः वर ढकललं आणि आत जाऊन झाडू घेतला. तिची ही हल्लीची सवय मला मुळीच आवडत नाही. बोलायला जायचं आणि झाडायला लागायचं. पूर्वी ती तोंडावर भांडायची, आणि तिच्याशी भांडलं की दिवस कसा मोकळा व्हायचा.

बाजार भरला. होळीआधीचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते, गुजरातेतून परतलेली माणसं, नवे शर्ट, पोरींच्या केसांत रिबिनी, ढोलाला वादी घ्यायला आलेले म्हातारे. मी घुंगरांच्या माळा मोजून देत होतो, दोर कापून देत होतो, आणि दर पायरीच्या आवाजाला दचकत होतो. माझ्या मनात एकच चाललं होतं, सांगितला की नाही. सांगितला असेल आणि मी पुन्हा सांगितला, तर बाउजींची रीत मोडली. उदेसिंग तसा मानी माणूस, बहिणीला दार न उघडणारा. दुसऱ्यांदा ऐकून त्याला वाटेल, शेठ आपल्यावर जोर करतो आहे, आणि असलेली नरमाई जाईल. सांगितला नसेल आणि मी गप्प राहिलो, तर फाटा मोकळा राहील. जीप थांबेल, फुलीबाई बाहेर बघेल, पदर ओढून घेईल. त्यानंतर ती निरोप पाठवणार नाही. माझ्यामार्फत नाही, कुणामार्फतच नाही. आणि त्याला विचारायचं म्हणजे, ‘सांगितलं होतं का रे मी’, नाही, ते नाही. ते मी बाउजींच्या तोंडून ऐकलेलं आहे.

शेवटच्या दोन वर्षांत बाउजी गादीवर बसून येईल त्याला तेच विचारायचे. सांगितलं होतं का रे मी? लोक हो म्हणायचे. लगेच पुढच्याला, सांगितलं होतं का रे मी? आणि रात्री दुकान बंद करायच्या आधी काठीने एकेक वस्तू उलटी करून ठेवायचे. सकाळी मी येऊन बघावं तर सगळी तुळई उलटी. कंदील, चाळणी, बादली, छत्री, दोर, सगळ्या गावांचे सगळे निरोप राहिलेले. मी शिडी लावून एकेक सुलटी करायचो आणि मला भयंकर संताप यायचा. ते खाली बसून माझ्याकडे बघायचे. आता भिंतीवर चंदनाच्या हारात आहेत, तिथूनही बघतात. फोटोकडे बघता बघता मी दोर एक हात जास्त कापला आणि गिऱ्हाईक खूश झालं.

उदेसिंग आला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. गुडघ्यावर हात टेकून पायरी चढला, पाण्याच्या माठाकडे गेला, दोन पेले प्यायला, मग नेहमीच्या जागी, ताडपत्र्यांच्या ढिगाशी, उकिडवा बसला. “कसा शे सेठ?” “बरा शे. तू?” “बरा.” त्याने बादली मागितली. इतक्या वस्तूंत बादलीच. मी घोडीवरून काढून त्याच्यापुढे ठेवली, त्याने ती उलटी करून बुडाला टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि उलटीच खाली ठेवली. ती उलटी बादली बघितल्याबरोबर माझ्या तोंडात फुलीबाईचे शब्द आले, जसेच्या तसे, ‘भाऊले सांगजो’पासून. बादली उलटी म्हणजे निरोप बाकी, हे माझ्या हाडात आहे, त्याला मी काय करू? मी तोंड उघडलं. गल्ल्याशी बसलेली ममता खाकरली. मी तोंड मिटलं. उदेसिंगने पैसे दिले, बादलीत गूळ, डाळ्या, हार-कडे, घुंगरं असं सगळं भरलं आणि पायरीशी जाऊन वळला. “काही निरोप शे का?” मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यात राग नव्हता, वाट बघणं नव्हतं, काहीच नव्हतं. “नही,” मी म्हणालो. तो जरासा थांबला. मग उतरून गर्दीत गेला.

‘नही’ म्हणालो आणि माझं मलाच सहन होईना. कुणाच्या सांगण्यावरून नाही म्हणालो मी? त्या ढगाच्या? ज्याला बादली उलटी करता येत नाही, ज्याला वाटतं माणसाची सगळी कार्ये सकाळीच संपतात, त्याच्यावर विश्वास ठेवून मी एका बहिणीला जीपमध्ये बसवून ठेवणार होतो. रीत गेली खड्ड्यात. मी घोडीपाशी होतो तिथून निघालो, चपला न घालता पायरी उतरलो. मागून ममता म्हणाली, “अहो, थांबा, त्याला...” पण तिचं पुढचं मी ऐकलं नाही. गर्दीतून वाट काढत, शेवेच्या गाडीला कोपर मारत मी काळ्या-पिवळ्या जीप उभ्या राहतात तिथे पोचलो. जीप भरली होती, टपावर बायकांची बोचकी चढत होती. उदेसिंग मागच्या फळीवर बसायच्या बेतात होता. मी त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला, बंद टपरीच्या सावलीत घेऊन गेलो. धाप लागली होती. तरी रीतीप्रमाणे सांगितलं. “फुलीबाईनी सांगेल शे. खापरमां, मन्हा दुकानमां, ताडपत्रीजोडे उभी ऱ्हायीसन. होयीले ती येई ऱ्हायनी. फाट्यावर तू उभा ऱ्हायना तं ती उतरी. नही तं बठीच ऱ्हायी, फुडे सासरले चालनी जाई.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. मान खाली घालून, बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणाला, “हा.”

“हा काय? तुले माहीत व्हतं का?”

“तू सांगेल शे ना, सेठ.” त्याचा आवाज अगदी हळू होता, जवळून जाणाऱ्याला ऐकू जाऊ नये इतका. “मांगला बजारले. त्यान्हा मांगला बजारले बी.”

माझ्या अनवाणी पायांना डांबर भाजत होतं ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. “आन तू काय बोलना?”

“मी बोलनू, उभा ऱ्हासू.” मग तो बादलीतल्या हार-कड्यांकडे बघून म्हणाला, “पहिलांदाव सांगं ना तुनी, तवयच कोनाजोडेथीन नंबर लिसन तिले फोन लावा. मन्हा हातमां फोन दिना. ती रडनी. मी बी रडनू. तू बी रडना, सेठ. सेठानीनी आपले पानी दिनं.”

बहीण-भाऊ माझ्या दुकानात, माझ्या फोनवर, इतक्या वर्षांनी एकमेकांशी बोलले होते. मी तिथे होतो. मी रडलो होतो. मी टपरीच्या पत्र्यावर हात टेकून ते शोधलं, ममताने दिलेलं पाणी, पेला, फोनमधून येणारं तिचं रडणं, काहीतरी. ढगाच्या चित्रासारखं पांढरं होतं सगळं. फार काय मागत होतो मी? बाकीचं गेलं असतं तरी चाललं असतं, घुंगरांचे भाव, गावांचे आकडे, जिनलचे पासवर्ड. नेमकं तेच का गेलं? आणि मग मला त्याचाच राग आला, समोर उभ्या असलेल्याचा. “मंग माले सांगं कसाले नही? मांगला बजारले सांगतास ना, सेठ, तू सांगेल शे, बस कर. ऐकत काय बसतस?”

उदेसिंग रागावला नाही. जीपवाल्याने एकदा हॉर्न वाजवला, त्याने तिकडे हात केला, थांब म्हणून. “तिन्हं नाव इतला वरीस मन्हा फुडे कोन्हीच लिधं नही,” तो म्हणाला. “घरमां बी नही. तू सांगस, तं आयकाले बरं वाटस.” आणि मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला, कारण माझं नाक वाहत होतं. मी ते पुसलं. रुमालाला धुराचा आणि गुळाचा वास येत होता. बाउजींना लोक ‘हो’ का म्हणायचे, दर वेळी, न कंटाळता, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांची कीव करतात.

जीप सुरू झाली. तो चढला, फळीवर सरकून बसला, बादली मांडीत घेतली. आतली दोन-चार ओळखीची माणसं माझ्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागली, आणि मला कळलं की यांनाही सगळ्यांना काही ना काही मी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे, आणि यांनीही ते ऐकून घेतलेलं आहे. फोन खिशात थरथरला. मी तो काढला नाही. उदेसिंगने सवयीने विचारलं, “काही निरोप शे का, सेठ?”

“शे,” मी म्हणालो. जीपच्या मागच्या दांड्याला धरून मी चार पावलं बरोबर चालत गेलो. “तू ले यो निरोप. मन्हासाठे शे. ती फाट्यावर उतरनी का, ते माले सांगजो.”

“सांगसू,” तो म्हणाला. “फुडला बजारले सांगसू. त्यान्हा फुडला बजारले बी.”